डोळे उघडे होते, पण दिसले नाही

सहा डिसेंबरला दादरला माणूस चुकणे ही काही नवी गोष्ट नाही. लाऊडस्पीकरवरून दिवसभर नावे पुकारली जात असतात. अशाच एका सहा डिसेंबरला आमच्या शेजारच्या चाळीतील एका बाईंचा सात वर्षांचा मुलगा हात सुटून गर्दीत गेला. पाऊण तास शोधाशोध झाली. शेवटी सापडला तो पुस्तकांच्या एका स्टॉलपाशी, बाई जिथे उभ्या होत्या तिथून दहा पावलांवर. मुलगा म्हणाला, "मी इथंच होतो. आई माझ्याकडं बघून पुढं गेली." घरी आल्यावर नवऱ्याने सुनावले, "डोळे होते ना? मग लक्ष कुठं होतं तुझं?" दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि रडू लागल्या. "ताई, मी त्या स्टॉलकडं दोनदा बघितलं. आई असून मला पोर दिसलं नाही. माझे डोळे फुटले होते का?"

त्या वेळी आम्ही त्यांना पाणी दिले, समजूत घातली. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. पुढे वाचन करता करता कळले की, 'लक्ष कुठे होते' हा जो प्रश्न आपण रागाच्या भरात विचारतो, तोच प्रश्न शांतपणे विचारत काही माणसे आपले सारे आयुष्य घालवतात. त्यांना प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. मानसशास्त्र म्हटले की आपल्याकडे लगेच वेड्यांचे इस्पितळ डोळ्यांसमोर येते. या मंडळींचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तुमच्या-आमच्यासारखी धडधाकट माणसे पाहतात कशी, ऐकतात कशी, लक्ष देतात कशी आणि चुकतात कशी, हे ते प्रयोग करून तपासतात आणि तेच कॉलेजात शिकवतात. अकरावीला मानसशास्त्र घेतलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल तर तिच्या पुस्तकात 'अवधान' आणि 'संवेदन' हे शब्द सापडतील. अवधान म्हणजे लक्ष. संवेदन म्हणजे डोळ्याकानांनी जे आत आणले त्याचा मनाने लावलेला अर्थ.

या विषयाचा पहिला धडा असा आहे की डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. हे आम्ही सांगतो म्हणून मानू नका, घरीच करून पाहा. एका कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे चार बोटे अंतरावर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण सव्वा वीत अंतरावर येताच ठिपका नाहीसा होईल. आणखी जवळ आणला की परत दिसू लागेल. डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी शीर जिथून निघते तिथे दृष्टीचा पडदाच नसतो, म्हणून त्या जागी आपण सगळेच आंधळे असतो. फ्रान्सच्या मारिओत नावाच्या शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकात दाखवून दिले. गंमत अशी की त्या जागी आपल्याला भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचे पाहून ठिगळ लावतो आणि ठिगळ लावल्याचे आपल्याला सांगतही नाही.

आता दुसरे. हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. कोणत्याही क्षणी आपल्याला अगदी स्पष्ट दिसते ते साधारण तेवढ्याच जागेतले. बाकीचे सगळे धूसर असते. हाच अंक समोर धरून मधल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून दाखवा. जमणार नाही. आपले डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारतात, नखाएवढे तुकडे गोळा करतात आणि मन त्यांची गोधडी शिवते. समोरचे सगळे एकदम दिसते हा आपला समज आहे, एवढेच.

नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही फार पूर्वी कळले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी एका अंधाऱ्या पेटीत अक्षरांचा कागद लावला. नजर एका बारीक प्रकाशबिंदूवर रोखली आणि विजेची ठिणगी पाडून क्षणभर उजेड केला. डोळा हलण्याइतका वेळच मिळत नव्हता. तरीही ठिणगीच्या आधी कागदाच्या ज्या कोपऱ्याकडे मनाने लक्ष दिले असेल, तिथलीच अक्षरे वाचता येत, बाकीची नाहीत. डोळा एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे. वर्गात फळ्याकडे टक लावून बसलेल्या पण खिडकीबाहेरच्या क्रिकेटमध्ये रमलेल्या मुलाला हे सांगायला नकोच.

आपल्या देशातही हा विषय जुना आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. आज आपल्या कॉलेजांतही बी.ए.ची मुले प्रात्यक्षिके करतात. दोघादोघांच्या जोड्या लावतात. एक प्रयोगकर्ता होतो, दुसरा 'प्रयुक्त', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. नंतर अदलाबदल करतात. या विषयाच्या शिकवण्यात हीच गोष्ट आम्हाला फार आवडते. इथे शिकणाऱ्याला स्वतःची चूक स्वतःच मोजावी लागते, आणि हुशार मुलगाही दुसऱ्याइतकाच चुकतो.

चुकलेल्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला अ‍ॅन ट्रीझमन या बाईंच्या कामात सापडले. त्यांचा जन्म १९३५ चा, इंग्लंडमधल्या वेकफिल्ड गावचा. आधी केंब्रिजला फ्रेंच साहित्य शिकल्या, मग मानसशास्त्राकडे वळल्या. ऑक्सफर्डची डॉक्टरेट १९६२ मध्ये मिळवली. पुढे कॅनडात आणि अमेरिकेत प्राध्यापकी केली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे प्रयोग दिसायला अगदी साधे. पडद्यावर रंगीत अक्षरे दाखवायची, त्यांतले एक शोधायला सांगायचे आणि सापडायला किती वेळ लागला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचे.

त्यांना काय आढळले ते आमच्या आयाबायांना सुपातल्या तांदळावरून चटकन कळेल. पांढऱ्या तांदळात काळा खडा असेल तर तो आपणच डोळ्यांत भरतो. सूप अर्धे असो की भरलेले, वेळ सारखाच. हिरव्या अक्षरांतले एकच लाल अक्षर असेच उडी मारून समोर येते, भोवती पाच अक्षरे असोत की तीस. पण तांदळात तांदळाच्याच रंगाचा खडा असेल तर? मग दाणा दाणा सरकवत बसावे लागते, आणि सूप जितके भरलेले तितका वेळ जास्त. ट्रीझमन बाईंनी याहून अवघड प्रकार तपासला. समजा, एका मैदानात काही जणांचे शर्ट पांढरे आणि टोप्या लाल आहेत, काहींचे शर्ट लाल आणि टोप्या निळ्या आहेत. त्यांत पांढरा शर्ट आणि निळी टोपी घातलेला एकच माणूस शोधायचा. एकट्या शर्टावरून भागत नाही, एकट्या टोपीवरून भागत नाही. दोन्ही खुणा एकाच माणसावर आहेत की नाहीत हे पाहायला लक्षाला एकेकापाशी थांबावे लागते. १९८० मध्ये गॅरी गेलाड यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत मांडला : रंग, आकार, हालचाल या गोष्टी डोळा आणि मेंदू वेगवेगळ्या टिपतात, त्यांची मोट बांधून एक वस्तू घडवण्याचे काम लक्ष करते. पुढच्या संशोधकांनी या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

लक्ष अपुरे पडले की मोट चुकीची बांधली जाते. १९८२ च्या त्यांच्या प्रयोगात माणसांना रंगीत अक्षरे निमिषभर दाखवली तेव्हा एकाचा रंग दुसऱ्या अक्षराला चिकटवून लोक खात्रीने सांगत की आम्ही हेच पाहिले. भांडणाच्या गर्दीत 'लाल शर्टवाल्याच्या हातात काठी होती' असे शपथेवर सांगणारा साक्षीदार खोटारडा असेलच असे नाही. शर्ट एकाचा आणि काठी दुसऱ्याच्या हातात, असेही झालेले असू शकते.

आता दादरची गर्दी आठवा. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मुलाच्या अंगातही पांढराच शर्ट. त्या माउलीसमोर सुपातले तांदूळच होते, आणि त्यांत तांदळाच्याच रंगाचे लेकरू.

पण तिने तर त्या स्टॉलकडे दोनदा पाहिले होते! त्याचे काय? त्याचे उत्तर देणारा प्रयोग अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात झाला, तोही शिकवता शिकवता. डॅनियल सायमन्स तिथे संशोधनपद्धतीचा वर्ग घेत होते आणि ख्रिस्तोफर चाब्रिस त्यांना साहाय्य करत होते. वर्गातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी एक छोटी फिल्म काढली. तिघे पांढऱ्या कपड्यांत, तिघे काळ्या कपड्यांत, दोन्ही गटांकडे एकेक चेंडू. पाहणाऱ्याने पांढऱ्या गटाने चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली एक मुलगी खेळाडूंच्या मधोमध येते, छाती बडवते आणि निघून जाते. ती नऊ सेकंद पडद्यावर असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जवळजवळ निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. फिल्म परत दाखवली तेव्हा काहींना वाटले, ही दुसरीच फिल्म लावली आहे.

हे विद्यार्थ्यांचे झाले. पाहण्यातच ज्यांचे आयुष्य गेले त्यांचे काय? २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना छातीचे सीटी स्कॅन तपासायला दिले. फुप्फुसातल्या गाठी शोधायच्या होत्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचे एक चित्र घातले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० डॉक्टरांना ते दिसले नाही. त्यांची नजर कुठे कुठे गेली हे यंत्राने टिपले होते. चुकलेल्या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडली होती. मोठ्या इस्पितळातले शिकलेले, पगारदार, नजरेचेच काम करणारे डॉक्टर त्यांच्या क्ष-किरणांच्या चित्रात असे चुकतात, तर गर्दीत घाबरलेल्या आईला कोणत्या तोंडाने बोलायचे? ती मनात रडणारा, इकडेतिकडे धावणारा मुलगा शोधत होती. हा पठ्ठ्या पुस्तकातली चित्रे पाहत शांत उभा होता.

याच विषयाचा एक भाग आमच्या कामगार वाचकांच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातले रडार पाहणारे सैनिक समुद्रातल्या पाणबुड्यांच्या खुणा हुकवू लागले. ब्रिटिश हवाई दलाने केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांना कारण शोधायला सांगितले. त्यांनी एक घड्याळ बनवले. आकडे नसलेल्या पांढऱ्या तबकडीवर काळा काटा, दर सेकंदाला एक टप्पा सरके. अधूनमधून तो एकदम दोन टप्पे उडी मारी, तेव्हा बटण दाबायचे. असे दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली तेव्हा नजर टिकून राहिली. हे संशोधन १९४८ मध्ये छापून आले. आणि आमच्याकडे बारा-बारा तास एकट्याने गेटवर बसवलेल्या वॉचमनच्या हातून एखादी गोष्ट सुटली की सकाळी त्याची हजेरी कापतात.

दुसरा एक शोध याहून विचित्र आहे. वर सांगितलेल्या वुल्फ यांनीच २००५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. विमानतळावर सामानाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसासारखे काम लोकांना दिले. गिचमिड चित्रात एखादे अवजार आहे का ते पाहायचे. निम्म्या चित्रांत अवजार होते तेव्हा शंभर अवजारांतली सात हुकली. पण शंभरातल्या एकाच चित्रात अवजार ठेवले तेव्हा त्याच माणसांनी शंभरातली तीस हुकवली. जी गोष्ट क्वचित येते ती समोर आली तरी मन तिला 'नाही' म्हणून मोकळे होते. धोका जितका क्वचित, तितका तो दिसणे अवघड.

म्हणून शहाण्या कामाच्या ठिकाणी सगळा भार कामगाराच्या नजरेवर टाकत नाहीत. रेल्वेत रुळांवर काम करणाऱ्या टोळीसाठी एक लुकआउट माणूस ठेवायचा नियम आहे. त्याने फावडे धरायचे नाही, फक्त गाडी येते का ते पाहायचे आणि शिट्टी वाजवायची. वरून पाहणाऱ्याला वाटते की हा नुसता उभा आहे, फुकटचा पगार घेतो. पण ज्याचे लक्ष खडी ठोकण्यात आहे त्याला मागून येणारी गाडी ऐकू येईलच असे नाही, हे विज्ञान त्या नियमाच्या पाठीशी आहे. माणसे कमी आहेत म्हणून त्यालाही फावडे धरायला लावणे म्हणजे टोळीचे डोळे काढून घेणे. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, तेही त्याचसाठी. जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने उच्चार करतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग करून पाहिले तेव्हा या रीतीने चुका खूप कमी झाल्या. आमच्या रिक्षावाल्या आणि ट्रकवाल्या बांधवांना एक गोष्ट बजावून सांगतो. मोबाईल कानाला न लावता वायर लावून बोलले म्हणजे धोका नाही, हा समज खोटा आहे. अमेरिकेत यूटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हात मोकळे असले तरी बोलणाऱ्याला समोरच्या गोष्टी कमीच दिसल्या. नजर त्यांच्यावर पडूनही नंतर त्या आठवल्या नाहीत. हात स्टिअरिंगवर असतात, लक्ष फोनवरच्या माणसाकडे असते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "वा! म्हणजे आता कुणीही 'मला दिसलं नाही' म्हणून सुटेल." ही शंका आम्हालाही आली. आमच्या समाजाला तर ती यायलाच हवी. गावात आमच्या माणसाला चौकात मारताना शंभर डोळे उघडे असतात आणि पंचनाम्याच्या वेळी एकालाही काही दिसलेले नसते, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. म्हणून बोस्टन शहरातले एक प्रकरण थोडे सविस्तर सांगतो.

२५ जानेवारी १९९५ ची रात्र. पोलीस काही संशयितांचा पाठलाग करत होते. त्यांत मायकेल कॉक्स हे कृष्णवर्णीय पोलीस साध्या कपड्यांत होते. कुंपणापाशी ते एका संशयिताला धरणार, एवढ्यात मागून आलेल्या पोलिसांनीच त्यांना गुन्हेगार समजून बेदम मारले आणि आपला माणूस आहे हे कळताच तिथून काढता पाय घेतला. केनेथ कॉन्ली हा गोरा पोलीस त्याच संशयितामागे धावत, तिथूनच, कुंपण चढून गेला आणि त्याने संशयिताला पकडलेही. कोर्टात त्याने शपथेवर सांगितले की मी मारहाण पाहिली नाही. ज्युरींना ते पटले नाही. इतक्या जवळून जाणाऱ्याला दिसले नसेल कसे? १९९८ मध्ये खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा या गुन्ह्यांसाठी तो दोषी ठरला, ३४ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. सरकारी पक्षाने साक्षीदाराविषयीचा एक कागद बचावाला दिला नव्हता, या कारणाने २००५ मध्ये अपील कोर्टानेही ती शिक्षा रद्द झाल्याचे कायम केले.

गोरिलावाल्या चाब्रिस आणि सायमन्स यांनी ही घटना प्रयोगात उतरवली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. एका माणसाच्या मागे काही अंतर राखून धावायचे आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायचे. वाटेच्या कडेला तीन विद्यार्थी लटकी मारामारी करत होते. रात्री २० पैकी ७ जणांनाच ती दिसली. दिवसाउजेडी १६ पैकी ९ जणांना. म्हणजे कॉन्ली खरे बोलत असणे शक्य आहे. तो खरेच बोलत होता, हे मात्र प्रयोगाने सिद्ध होत नाही आणि प्रयोग करणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. विज्ञानाची ही सचोटी आम्हाला महत्त्वाची वाटते.

पण मूळ गोष्ट नजरेआड होऊ नये. न दिसल्याबद्दल एकाला शिक्षा सुनावली गेली. मारणाऱ्यांपैकी एकालाही त्या मारहाणीच्या गुन्ह्यासाठी कोर्टाने दोषी ठरवले नाही. कॉन्ली धावत होता, त्याच्या लक्षाला दुसरे काम होते. मारणाऱ्यांचे लक्ष तर कॉक्स यांच्यावरच होते. तरी त्यांना पोलीस दिसला नाही, काळा गुन्हेगार दिसला. हे कुठले न दिसणे? हेच मायकेल कॉक्स २०२२ मध्ये बोस्टनचे पोलीस आयुक्त झाले, हे वाचताना आमची मान ताठ झाली, हे कबूल करतो.

त्या दुसऱ्या न दिसण्याचेही मोजमाप झाले आहे. कीथ पेन यांनी २००१ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांना आधी क्षणभर एक चेहरा दाखवला, कधी गोरा, कधी काळा. लगेच पिस्तूल किंवा हातोडी-पाना असले अवजार. काय दिसले ते झटकन सांगायचे. घाई केली तेव्हा काळ्या चेहऱ्यामागून आलेल्या अवजाराला 'पिस्तूल' म्हणण्याची चूक जास्त झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ४ फेब्रुवारी १९९९ ला, न्यूयॉर्कमध्ये अमाडू डियालो या गिनी देशातून आलेल्या २३ वर्षांच्या तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या होत्या. त्याच्या हातात पैशांचे पाकीट होते. चौघेही २००० मध्ये निर्दोष सुटले.

पेन यांच्या प्रयोगात पाटी कोरी असणाऱ्या डोळ्यांची चूक नाही. लहानपणापासून जे ऐकले, पाहिले, शिकवले गेले ते डोळ्याच्या आधी उत्तर देऊन मोकळे होते. वेळ दिला तर माणूस चूक सुधारू शकतो, हेही त्यांनीच दाखवले. पाहण्याच्या शास्त्रालाही अशीच आपली खोड मोजून काढावी लागली होती. 'रानटी' माणसांची नजर जनावरासारखी तीक्ष्ण असते आणि म्हणून त्यांची बुद्धी मंद राहते, असे एकेकाळी युरोपात म्हटले जाई. केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेले, नंतर आपल्या नीलगिरीतल्या तोडा लोकांकडे आले. त्यांनी नजरा मोजल्या. जनावरासारखी नजर वगैरे काही निघाले नाही. उलट कॉलेजच्या प्रात्यक्षिकात जो बाणाच्या टोकांच्या रेघांचा भ्रम करून दाखवतात, म्युलर-लायरचा, त्याला हे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले.

आमच्या शेजारणीला हे सगळे आम्ही एका दुपारी तांदूळ निवडता निवडता सांगितले. गोरिलाच्या गोष्टीला त्या खूप हसल्या. कॉक्स यांची गोष्ट ऐकताना हात थांबला. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पण सांगा की." ते संध्याकाळी आले तेव्हा आम्ही कागदावर फुली आणि ठिपका काढून त्यांच्या हातात दिला. ठिपका गेला, परत आला, परत गेला. बराच वेळ ते कागद मागेपुढे करत बसले. बायकोची माफी वगैरे काही मागितली नाही, पण "हे असं सगळ्यांचंच होतं का?" असे दोनदा विचारले.

पुढच्या सहा डिसेंबरसाठी मुलाला कुठल्या रंगाची टोपी शिवावी यावर मग चर्चा झाली. निळी बाद, कारण तिथे निळे झेंडे आणि निळ्या पट्ट्या मुबलक. लाल आणि पिवळ्यावर मतभेद झाले. शेवटी बाईंनी ब्लाउजपीसमधल्या उरलेल्या कापडाची पोपटी टोपी शिवली. ती इतकी भडक झाली की मुलगा घालायला तयार नाही. पोरं हसतील म्हणतो.